अनोळखी हातांचं काम

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात दरवर्षी १ जानेवारीला सकाळी आठ वाजता रोझ परेड निघते. या परेडमधल्या चित्ररथांना एक कडक नियम आहे. रथाचा जेवढा भाग डोळ्यांना दिसतो, तेवढा सगळा फुलं, पानं, बिया, साली, शेवाळ अशा वनस्पतीपासून मिळालेल्या वस्तूंनीच झाकलेला पाहिजे. प्लास्टिकचं फूल चालत नाही. फुलाला किंवा बीला कृत्रिम रंग दिलेला चालत नाही. वाघाच्या अंगावर काळे पट्टे हवे असतील तर निसर्गात जन्मतःच काळं काय असतं ते शोधायचं, आणि त्याचेच पट्टे करायचे.

हा नियम नीट पाहिला की बाकीचं सगळं त्याच्यामागून येताना दिसतं. फूल टिकत नाही, म्हणून ते आधी लावून ठेवता येत नाही. आधी लावता येत नाही, म्हणून अवाढव्य रथ मढवण्याचं काम डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोंबावं लागतं. एवढ्या थोड्या दिवसांत एवढं काम पगारी कारागिरांकडून उरकणं शक्य नसतं, म्हणून माणसं बोलवावी लागतात. ती शेकड्यांनी येतात, आणि त्यांतली बरीचशी या कामाला प्रथमच हात लावत असतात. अशा माणसांकडून अर्ध्या तासाच्या शिकवणीवर असं काम करून घ्यायचं की परीक्षक हातभर अंतरावरून बघतील आणि लाखो लोक टीव्हीवर बघतील. हे दरवर्षी साधतं. कसं साधतं, ते या प्रकरणात पाहू.

सुरुवात साधी होती. पॅसाडिनाच्या व्हॅली हंट क्लबने १८९० च्या नववर्षदिनी पहिली मिरवणूक काढली. क्लबचे सभासद चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांचं म्हणणं असं की पूर्वेकडे न्यूयॉर्क बर्फाखाली गाडलेलं असताना आपल्याकडे फुलं उमललेली असतात आणि संत्री धरलेली असतात; हे जगाला दाखवलं पाहिजे. लोकांनी आपापल्या बागेतली फुलं तोडली, आपापल्या घोडागाड्यांना बांधली आणि गाड्या रस्त्यावर आणल्या. सजवणारा, गाडीचा मालक आणि गाडीत बसणारा बहुधा एकाच घरातला. १८९५ मध्ये या उत्सवासाठी टूर्नमेंट ऑफ रोझेस ही स्वतंत्र संस्था झाली. उत्सवाला जोडलेला अमेरिकन फुटबॉलचा सामना १९०२ मध्ये प्रथम खेळला गेला, आणि आज पुष्कळांना परेडपेक्षा तो सामनाच जास्त ठाऊक आहे. १ जानेवारी रविवारी आला तर परेड सोमवारी काढायची, हा प्रघात १८९३ पासूनचा. चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजू नयेत म्हणून तो पडला. घोडे गेले, प्रघात अजून पाळतात.

विसाव्या शतकात गाड्यांचे रथ झाले आणि रथांची शिल्पं झाली. चित्ररथ बांधणं हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून ज्यांनी उभा केला त्यांत इझाबेला कोलमन या बाईंचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. फुलांचे हार आणि गुच्छ बांधण्याच्या जागी फुलाच्या पाकळ्या सुट्या करून पृष्ठभागावर चिकटवण्याची पद्धत रुजली, आणि कामाचं स्वरूपच बदललं. गुच्छ बांधायला सरावलेला हात लागतो. पाकळी चिकटवायला फक्त सबुरी लागते. शेकडो नवख्या माणसांना दार उघडलं ते इथे.

आता रथाच्या पोटात शिरू. खाली मोटारीचा सांगाडा आणि इंजिन. त्यावर जाड पोलादाची चौकट, तिच्यावर बोटाएवढ्या बारीक सळ्या वाकवून केलेला आकार: घोड्याची मान, जहाजाचं शीड, मुलीचा गाल. सळ्यांवर बारीक जाळी ताणतात आणि तिच्यावर एका रसायनाचा फवारा मारून कातडीसारखा थर बसवतात. जिथे फुलं खोचायची तिथे फोम. चालक आत कुठेतरी दडलेला असतो, आणि अनेक रथांत त्याला समोरचा रस्ता धड दिसतही नाही. सोबत्याच्या सूचनांवर तो ताशी चार किलोमीटरच्या वेगाने साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर रथ नेतो. वाटेत ऑरेंज ग्रोव्हवरून कोलोरॅडो बुलेवार्डवर वळताना काटकोनाहूनही अवघड वळण आहे, आणि शेवटाकडे महामार्गाच्या पुलाखालून जायचं आहे. म्हणून उंच रथांचे वरचे भाग खाली दुमडता येतील असे बांधतात. हे सगळं वेल्डर, यंत्रज्ञ आणि शिल्पकारांचं काम. महिनोन् महिने चालतं. स्वयंसेवक येतात तेव्हा ते जवळजवळ पुरं झालेलं असतं.

आणि मग रथ रंगवतात. नियमाप्रमाणे रंगाचा एक ठिपकाही शेवटी दिसता कामा नये, तरी रंगवतात. ज्या जागी जे लावायचं त्याच्या रंगाशी जुळता रंग त्या जागेला दिलेला असतो. झेंडू येणार तिथे केशरी, तांदूळ येणार तिथे पांढरा, कांद्याचं बी येणार तिथे काळा. त्यामुळे नवख्या माणसाला आराखडा वाचावा लागत नाही; रथच त्याला सांगतो की इथे काय हवं. शिवाय हात चुकून कुठे विरळ पडला तर मागून मिळताजुळताच रंग डोकावतो, पांढरा फोम दात विचकत नाही. या सबंध व्यवस्थेत मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट ही. ज्या कुणी ती प्रथम योजली, त्या माणसाला नवख्या हातांबद्दल आदर होता. चुकणारच नाहीत अशी माणसं आणण्याचा विचार त्याने केला नाही. चूक झाली तरी काम बिघडणार नाही, अशी तजवीज त्याने केली.

सजावटीचे दोन टप्पे. पहिला कोरड्या मालाचा. नोव्हेंबरअखेरीच्या थँक्सगिव्हिंगनंतर, डिसेंबरच्या शनिवार-रविवारी हे काम चालतं, कारण बी, साल, वाळलेलं फूल महिनाभर आहे तसं राहतं. या मालाची यादी वाचताना मराठी वाचकाला आपल्याच स्वयंपाकघराचे डबे आठवतील: तांदूळ, मसूर, राजमा, वाटाण्याची डाळ, खसखस, जवस, मक्याचं पीठ, खोबऱ्याचा कीस, दालचिनीची पूड, लाल मिरचीची पूड, कॉफी. काळ्या रंगासाठी कांद्याचं बी. नाशिककडच्या कांदा उत्पादकाला त्याचा तो काळाभोर, टोकदार दाणा सांगायला नको. अक्रोडाच्या कवचाचा चुरा मातकट तपकिरीसाठी. मक्याच्या कणसाची साल पिसांसाठी. रुपेरी पानं, समुद्री शेवाळ, ताडाच्या झावळीचा काथ्या. स्टॅटिस आणि स्ट्रॉफ्लॉवर ही वाळल्यावरही रंग धरून ठेवणारी फुलं तर पोत्यांनी लागतात.

इथे मिळणारं पहिलं काम बहुधा कात्रीचं असतं. टेबलाभोवती बसायचं, समोर वाळलेल्या फुलांचा ढीग, आणि पाकळ्या तेवढ्या कापून डब्यात टाकायच्या. देठाचा हिरवा-पिवळा तुकडा आत गेला तर लावल्यावर रंग मळकट दिसतो, म्हणून सावकाश. बोटं दुखतात. चार तासांनंतर डबा भरलेला असतो, आणि त्या डब्यातून रथाचा किती भाग झाकला जाईल असं विचारलं तर उत्तर तळहाताने दाखवता येईल एवढंच असतं. तरी हे काम कमी प्रतीचं नाही. पुढे ब्रश घेऊन रथावर चढणाऱ्याचा हात किती स्वच्छ चालेल, ते टेबलापाशी बसलेल्यांवर ठरतं.

चिकटवण्याची रीत अशी. पांढरा डिंक ब्रशने हातभर नाही, वीतभर जागेवर लावायचा. जास्त लावला तर बी पोचेपर्यंत तो सुकतो. मग बी पसरून टाकायचं, तळव्याने दाबायचं, आणि मोकळं झालेलं हलकेच झाडून पुढे सरकायचं. कडेच्या रेषेपाशी बोटाने किंवा काडीने एकेक दाणा लावायचा. धान्याची रांगोळी काढणाऱ्याला हे लगेच जमेल. फरक एवढाच की ही रांगोळी उभ्या भिंतीवर, गालाच्या उतारावर आणि कधी डोक्यावरच्या छताला काढायची असते. तिला परेडच्या दिवशी वाऱ्यात जवळजवळ नऊ किलोमीटर जायचं असतं, म्हणून दाबताना हयगय चालत नाही.

दुसरा टप्पा नाताळ संपल्याबरोबर, २६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. फुलं येतात. गुलाब मोठ्या प्रमाणावर इक्वेडोर आणि कोलंबियातून, ऑर्किड थायलंडसारख्या दूरच्या देशांतूनही. बागेतलं फूल दाखवण्यासाठी सुरू झालेल्या उत्सवात विमानाने आलेली फुलं असावीत, हे मला खटकतं. ज्यांनी उलटी वाट धरली त्यांचं म्हणूनच कौतुक वाटतं: कॅल पॉली विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांच्या रथाने ‘कॅलिफोर्नियात पिकलेलं’ हा दाखला सर्वांत आधी मिळवला, आणि त्यासाठी रथावरच्या ताज्या फुलांपैकी किमान ८५ टक्के फुलं राज्यातलीच असावी लागतात.

ताज्या फुलांचं काम तीन हातांतून जातं. पहिला हात कुपीचा. बोटाएवढी प्लास्टिकची कुपी पाण्याने भरायची, तिला मधोमध भोक असलेलं रबराचं टोपण लावायचं, ट्रेमध्ये उभी करायची. दुसरा हात देठाचा: गुलाबाचा देठ हव्या लांबीवर तिरका कापायचा आणि टोपणातून कुपीत खोचायचा, पाणी न सांडता, पाकळीला बोट न लावता. तिसरा हात रथावर. कुपीचं टोक फोममध्ये रुतवायचं, पहिल्या फुलाला दुसरं भिडेल असं, पण चेपणार नाही असं. शेवंती आणि कार्नेशनचं वेगळं. त्यांना पाण्यावाचून काही दिवस निघतात, म्हणून त्यांची डोकी खुडून थेट गोंदाने लावतात, नाहीतर पाकळ्या उपटून बारीक कामाला वापरतात. हलणाऱ्या आणि दुमडणाऱ्या सांध्यांपाशी फुलाची उंची मोजून लावावी लागते, नाहीतर वरचा भाग खाली येताना सगळी ओळ चिरडते.

गोदामं मुद्दाम थंड ठेवलेली असतात, कारण ऊब माणसाला बरी वाटली तरी फुलाला मारते. दक्षिण कॅलिफोर्नियाची डिसेंबरची रात्र तशीही गार. खाली ओली फरशी, हात सतत पाण्यात, हवेत गोंदाचा उग्र वास आणि त्याच्या आडून येणारा शेवंतीचा कडवट गंध. मचाणावर कुणाला चढवायचं आणि कुणाला नाही, हे प्रत्येक रथाचा गटप्रमुख ठरवतो. तो सहसा वर्षानुवर्षं येणारा स्वयंसेवकच असतो. चांगला गटप्रमुख नव्या माणसाला आधी काम दाखवतो, मग पहिली वीतभर जागा त्याच्याकडून करून घेतो, ती बघतो, आणि मग दूर जातो. ‘अजून घट्ट’ हे त्याच्या तोंडचं ठरलेलं वाक्य. विरळ लावण्याकडे प्रत्येक नवख्याचा कल असतो, कारण फुलं संपतील अशी भीती वाटते.

येतात कोण? शाळांचे गट, स्काउट, चर्चची मंडळं, निवृत्त जोडपी, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या, दुसऱ्या राज्यांतून सुट्टी काढून आलेले लोक. ल्युथरन चर्चशी जोडलेला ‘पेटल पुशर्स’ नावाचा गट तर अनेक दशकं या कामासाठी माणसं जमवत आला. टूर्नमेंट ऑफ रोझेसचे स्वतःचे स्वयंसेवक सभासद नऊशेच्या वर. परेडच्या दिवशी ते पांढऱ्या सुटात दिसतात आणि रहदारीपासून चित्ररथांच्या रांगेपर्यंत सगळं सांभाळतात. बहुतेक रथ मात्र अर्विंडेल, अझुसा अशा शेजारच्या गावांतल्या व्यावसायिक कंपन्या बांधतात. रथासाठी पैसे देणारा एखादा उद्योग किंवा संस्था असते, खर्च लाखो डॉलरचा असतो.

इथे एक प्रश्न सरळ विचारायला हवा. लाखो डॉलरची जाहिरात उभी करायला माणसांनी फुकट का राबावं? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माझं उत्तर असं की तिथे येणारा माणूस त्या उद्योगासाठी येत नाही. रथावर नाव कुणाचं आहे, हे पुष्कळांना कामाची पाळी सुरू होईपर्यंत ठाऊकही नसतं. त्याला मोठ्या गोष्टीत हात घालायचा असतो, आणि आपण लावलेलं फूल सकाळी रस्त्यावरून जाताना बघायचं असतं. ही इच्छा खरी आहे. तिचा मान राखला जातो की नाही, हे गोदामातल्या वागणुकीवर ठरतं.

ज्यांना हा प्रश्नच नको त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. साउथ पॅसाडिना, सिएरा माद्रे, बरबँक, डाउनी, ला कन्याडा फ्लिंट्रिज या गावांचे रथ गावकरी स्वतः बांधतात, वेल्डिंगपासून फुलापर्यंत. साउथ पॅसाडिनाची परंपरा १८९३ पासूनची. कॅल पॉलीचा रथ १९४९ पासूनचा; पोमोना आणि सॅन लुईस ओबिस्पो या दोन ठिकाणचे विद्यार्थी तो एकत्र करतात. अर्धा रथ एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि शरद ऋतूत उत्तरेचा अर्धा भाग शेकडो किलोमीटर रस्त्याने आणून पोमोनाला जोडायचा. इथे आलेला स्वयंसेवक वर्षभर टिकला तर सळई वाकवायलाही शिकतो.

या वाटेचं पूर्ण रूप बघायचं तर नेदरलँड्समधल्या झुंडर्टला जावं लागेल. व्हिन्सेंट व्हान गॉगचं हे जन्मगाव. १९३६ पासून इथे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फुलांची मिरवणूक निघते. गावाच्या वीस वाड्या आपापसांत स्पर्धा करतात. प्रत्येक वाडी उन्हाळाभर मोठ्या तंबूत आपला रथ उभारते, आणि शेवटच्या काही दिवसांत तो लाखो डेलियांनी मढवते. डेलियाही वाड्यांनीच लावलेल्या असतात. पुष्कळ रथांना इंजिन नसतं, आतली माणसंच तो ढकलतात. नेदरलँड्समधल्या या मिरवणुकांच्या परंपरेला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. झुंडर्टमध्ये लहान मूल आधी फुलांच्या टोपल्या वाहतं, मग फुलं लावतं, मोठं झाल्यावर लोखंड जोडतं आणि पुढे कदाचित रथाचा आराखडाही काढतं. पॅसाडिनाच्या गोदामात एका पाळीसाठी आलेल्या माणसाला हे मिळत नाही. पण झुंडर्टमध्ये वाडीत जन्मावं किंवा राहावं लागतं, आणि पॅसाडिनात फक्त नाव नोंदवावं लागतं. मला दोन्ही वाटा हव्याहव्याशा वाटतात, आणि एकीच्या गुणांनी दुसरीचं उणेपण भरून निघत नाही.

काही वेळा हे काम सजावटीच्या पलीकडे जातं. अवयवदानाचा प्रसार करणारा ‘डोनेट लाइफ’ चित्ररथ २००४ पासून परेडमध्ये येतो आहे. त्यावर दात्यांची व्यक्तिचित्रं असतात, तीही नियमाप्रमाणे वनस्पतिजन्य: त्वचेसाठी पिठं आणि दळलेल्या बिया, केसांसाठी कॉफी, खसखस. या चित्रांना फ्लोराग्राफ म्हणतात. कारागीर चित्र जवळजवळ पूर्ण करतात, पण थोडासा भाग, अनेकदा भुवया, मुद्दाम सोडतात. तो भाग दात्याचं कुटुंब भरतं. आईच्या हातात बारीक ब्रश आणि चिमूटभर पूड असते, आणि समोर तिच्या मुलाचा चेहरा. डिंक, बी, दाब: रीत तीच, जी पलीकडच्या टेबलावर शाळकरी मुलगी शिकत असते.

हे काम दुरून करता येत नाही, हे कोरोनाने दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात १९४२, १९४३ आणि १९४५ या वर्षी परेड नेहमीसारखी निघाली नव्हती. त्यानंतर ती थेट २०२१ मध्ये रद्द झाली. एका मचाणावर खांद्याला खांदा लावून आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसांवर जे काम उभं आहे, त्यात सहा फुटांचं अंतर कुठे बसवणार?

३१ डिसेंबरला परीक्षक येतात तेव्हा शिड्या आणि मचाणं बाजूला केलेली असतात, फरशी झाडलेली असते, रथाचे हलणारे भाग चालू असतात आणि संगीत वाजत असतं. आदल्या तासापर्यंत जे हात धावत असतात ते भिंतीशी उभे राहतात. मग अंधार पडल्यावर रथ संथपणे ऑरेंज ग्रोव्हकडे निघतात. कोलोरॅडो बुलेवार्डच्या पदपथांवर लोकांनी दुपारपासूनच जागा धरलेली असते, आणि पुष्कळजण रात्र तिथेच काढतात.

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांकडे नाताळात जाणारे मराठी आईवडील आता खूप आहेत. त्यांना मी हे काम आवर्जून सुचवेन. नावनोंदणी बहुतेक ठिकाणी शरद ऋतूतच सुरू होते आणि शेवटच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात. लहान मुलांना वयाची अट असते, ती आधी विचारून घ्यावी. जुने कपडे घालावेत, कारण गोंद निघत नाही. एकावर एक असे थर घालावेत, पावलं झाकणारे, न घसरणारे बूट घालावेत. गुडघे दुखत असतील तर कुपीचं नाहीतर कात्रीचं टेबल मागून घ्यावं. तिथे बसून काम होतं आणि गप्पाही होतात. इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही, काम हाताने दाखवतात. गर्दीला घाबरत असाल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं कोरडं काम बरं.

आणि फुलं उतरवायलाही माणसं लागतात, याची आठवण कमी जणांना असते. परेडनंतर रथ सिएरा माद्रे बुलेवार्डच्या बाजूला लोकांना जवळून पाहण्यासाठी ठेवतात. लोक हातभर अंतरावरून राजमा ओळखतात, मसूर ओळखतात, मुलं विचारतात की हे खाता येतं का. त्यानंतर गावांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गोदामांत पुन्हा हाका जातात. कुप्या उपटायच्या, धुवायच्या, टोपणं वेगळी करून पुढच्या वर्षासाठी डब्यात भरायची, सळ्या कापून परत घ्यायच्या. डिसेंबरात यादी भरली म्हणून ज्यांना जागा मिळत नाही, त्यांना जानेवारीत नक्की मिळते.